एक कुजबूज आणि चार भोंगे

माझ्या मामीच्या घरात सगळे ओरडून बोलायचे, एक मामी सोडून. तिची गिऱ्हाइकं तर हक्कानं ओरडायची. मामी ऐकू येण्याची यंत्रं दुरुस्त करायची, आणि यंत्र बिघडल्याशिवाय तिच्याकडे कोण कशाला येईल? पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल होतं. त्यावर भिंग, चिमटे, डाख द्यायची पेन्सिलीएवढी सळई आणि नखाएवढ्या सुट्या भागांच्या डब्या. समोरच्या खुर्चीतले आजोबा शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल अशी तक्रार सांगायचे आणि मामी त्यांच्याकडे तोंड करून हळू, सुटं सुटं बोलायची. गंमत म्हणजे तिचं बोलणं त्यांना यंत्राशिवायही कळायचं.

यंत्र दुरुस्त झालं की ते तपासायची तिची स्वतःची एक तऱ्हा होती. "हॅलो, हॅलो" वगैरे ती कधी करायची नाही. यंत्र स्वतःच्या कानात घालायचं आणि त्याच्या इवल्याशा माईकसमोर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळायचं. कातडीवर कातडी घासल्याचा आवाज स्वच्छ आला तर यंत्र पास. नाही आला तर चिमटा पुन्हा हातात. एकदा मी म्हटलं, "अगं मामी, आजोबांना बोटं चोळलेली ऐकायचीत कशाला? सूनबाईचं बोलणं ऐकू आलं तरी पुष्कळ झालं."

मामी मान वर न करता म्हणाली, "सूनबाईचं बोलणं त्यांना ऐकायचंच नसतं. नातीनं कानात सांगितलेलं ऐकायचं असतं."

मी तेव्हा पोस्टाच्या खिडकीत नोकरीला होते आणि मामाकडे वरच्या खोलीत राहत होते. दिवसभर काचेपलीकडून लोक माझ्यावर खेकसायचे. मला मुळातच मोठ्यानं बोलणाऱ्यांचा राग, त्यातून ही नोकरी. संध्याकाळी घरी आले की मी चहाचा कप घेऊन मामीच्या टेबलाशी बसायचे आणि कोणी काही बोलत नाही याचा आनंद घ्यायचे. तो आनंद फार वेळ टिकायचा नाही, कारण तेवढ्यात मामा घरी यायचा.

मामा बसस्थानकावर घोषणा करायचा. चौकशीच्या खिडकीमागे एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर माईक, आणि आवारात चार कोपऱ्यांना चार भोंगे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठलीला उशीर आहे, कोणाची पिशवी कोणाला सापडली, हे सगळं गावाला मामाकडून कळायचं. त्याचा आवाज जाड, गोल आणि अजिबात घाई नसलेला होता. गाडी सुटायला आली असली तरी मामाचं ऐकून माणसाला वाटायचं की अजून पुष्कळ वेळ आहे. रस्त्यात त्याला तोंडावरून कोणी ओळखायचं नाही. त्यानं पानवाल्याकडे नुसती काडेपेटी मागितली तरी आजूबाजूची चार माणसं वळून बघायची.

तिसरा आवाज मामाच्या धाकट्या भावाचा. त्याला आम्ही भोंगेमामा म्हणायचो. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. सभा असो, लग्न असो, खेळाचे सामने असोत, भोंगेमामाची मशीनं गावभर गरजायची. मशीन जेवढं मोठं तेवढं चांगलं, यापलीकडे त्याचं तत्त्वज्ञान गेलेलं नव्हतं. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर मामीची टर उडवली होती. "वहिनींच्या मशीनचा आवाज ऐकायला आधी दुसरं मशीन लागतं," असं तो म्हणाला आणि मांडव हसला. मामीही जरा हसली. पण त्या दिवसापासून तिनं दिराशी बोलणं बंद केलं. वर्षं लोटली. भोंगेमामा समोर बसलेला असला तरी मामी मामाला म्हणायची, "भाऊजींना सांगा, चहा निवतोय." भोंगेमामाही ताठ. तो म्हणायचा, "वहिनींना सांग, पितोय." मधल्या मध्ये मामा दोन्ही निरोप त्याच स्थानकाच्या आवाजात पोचवायचा आणि त्याला त्याची मजा वाटायची.

मग मामाच्या गळ्यात गाठ निघाली. ती साधीच होती, पण काढताना आवाजाची एक नस दुखावली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, आणि तसंच झालं. गळ्यातल्या दोन पडद्यांपैकी एक कायमचा गप्प बसला. राहिला तो नुसता वाऱ्यासारखा, कुजबुजीएवढा आवाज. टेबलाच्या एका टोकाला मामा काही म्हणाला तर दुसऱ्या टोकाला ओठ हललेले तेवढे दिसायचे.

बरा झाल्यावर तो कामावर गेला. माईक तोंडाजवळ ओढून त्यानं घोषणा केली आणि भोंग्यांतून फक्त कोणीतरी उसासे टाकत असल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. लोक खिडकीशी येऊन विचारायला लागले, रांग लागली, दोन गाड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या. आगाराचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मामाला चहा पाजला आणि सांगितलं, की महिनाअखेर घोषणांचं मशीन बसवतोय, त्यात बाईचा आवाज आधीच भरलेला आहे. तुम्ही भांडारात या, टायरांचा हिशेब ठेवायला. पगार तोच, खुर्ची जास्त चांगली.

मामानं मान डोलावली आणि घरी येऊन तो बोलायचाच थांबला. कुजबूजसुद्धा बंद. काही हवं असलं तर बोट दाखवायचा. माझ्या मामाची नोकरी जाणार नव्हती, हे मला कळत होतं. पण तो खिडकीतून उठून त्या टायरांमध्ये जाऊन बसला की पुन्हा आयुष्यात तोंड उघडणार नाही, हेही कळत होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती. मामीला माझ्याहून जास्त वाटत असणार. त्या दिवसांत तिच्या हातून पहिल्यांदाच एक यंत्र जळालं.

उपाय आधी भोंगेमामानं काढला. "आवाज बारीक झालाय ना? मग मशीन मोठं लावू. त्यात काय एवढं?" साहेबांची परवानगी काढून तो आपलं सगळ्यात थोरलं मशीन घेऊन गेला, जे उचलायला दोन माणसं लागायची. साहेबांच्या खोलीत, जिथून भोंग्यांच्या वायरी निघायच्या, तिथे त्यानं ते मांडलं आणि आवाज वाढवायचा त्याचा कान पार शेवटपर्यंत पिळला. मी रजा टाकून बघायला गेले होते. मामी आली नव्हती.

मामानं ओठ हलवले. भोंग्यांतून आधी घुर्रर्र असा मोठा आवाज आला. मग चहावाल्याचे कप वाजले, पंखा खडखडला, बाहेरच्या गाडीचं इंजिन दुपटीनं धडधडलं, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मामा होता. भोंगेमामानं आणखी एक खटका दाबला. त्याबरोबर चारही भोंगे असे काही किंचाळले की एका कंडक्टरचा चहा त्याच्या सदऱ्यावर गेला आणि लोकांनी कानांवर हात ठेवले. बाहेरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरत होता, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडत होता आणि परत आत येत होता. साहेबांनी स्वतः उठून बटण बंद केलं. मामा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी मामीला सगळं सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले. माईक तोंडापासून किती लांब होता? आणि माईकपासून मशीनपर्यंत वायर कुठून जाते? मी म्हटलं, "माईक वीतभर लांब. वायर छतावरून, ट्यूबलाइटांच्या कडेकडेनं, थेट साहेबांच्या खोलीपर्यंत."

"हं," मामी म्हणाली. "म्हणजे तान्ह्या पोराला भर बाजारातून एकटं चालत पाठवलं, आणि पलीकडच्या टोकाला उभं राहून म्हणे आता मोठा हो. वाटेत त्याला चार जणांनी धक्के मारले, चिखल लागला. ते चिखलासकट मोठं झालं. मशीनचं काय चुकलं?"

"मग?"

"त्याला घरातच खायला घालून धडधाकट करायचं. मग सोडायचं रस्त्यावर."

तिनं एका कायमच्या बंद पडलेल्या यंत्रातून माईक काढला. तो मसुरीच्या दाण्याएवढा होता. विणायच्या सुईएवढी तार वाकवून तिनं ती मामाच्या कानावर अडकवली आणि तिचं टोक गालावरून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. आधी तिनं माईक ओठांसमोर धरला होता, पण तिथे नुसता फूफू श्वास लागायचा. कोपऱ्यात श्वास बाजूनं निघून जातो आणि शब्द तेवढे सापडतात. माईकच्या वायरीला तिनं हातभरही लांब होऊ दिलं नाही. ती सरळ मामाच्या सदऱ्याच्या खिशात, साबणाच्या डबीत जात होती. डबीत दोन ट्रान्झिस्टर, घड्याळाची बॅटरी आणि मामीनं डाख देऊन जोडलेलं बाकीचं सामान. पहिला ट्रान्झिस्टर कुजबूज उचलायचा, दुसरा तिला उभी करायचा. मामीनं डबीला जोडलेलं बोंडूक, यंत्राचं कानात बसणारं टोक, आपल्या कानात घातलं, माईकसमोर बोटं चोळली, एक भाग बदलला, पुन्हा चोळली, आणखी एक बदलला. मग बोंडूक मामाच्या कानात दिलं आणि म्हणाली, "बोला."

मामानं आधी मान हलवून नाही म्हटलं. मामी तशीच बसून राहिली. शेवटी त्याचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही, पण मामाचा चेहरा मला दिसत होता. त्यानं बोंडूक काढून माझ्या कानाशी धरलं आणि पुन्हा तेच म्हणाला.

"हा मीच का?"

आवाजातला गोलपणा गेला होता, जाडी गेली होती. पण प्रत्येक शब्द सुटा होता, कुठे घुर्र नाही की खरखर नाही. आणि घाई नव्हती. ती लय दुसऱ्या कोणाची असणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "तूच रे मामा."

यानंतर मामीनं एक वेडेपणा केला. माळ्यावर एक जुना भोंगा पडलेला होता, तो तिनं खाली काढला आणि साबणाची डबी सरळ त्याला जोडली. मामा बोलला. भोंगा रुसलेल्या जावयासारखा ढिम्म. मी अख्खं डोकं त्याच्या तोंडात घातलं तेव्हा कुठे मुंगीनं घसा खाकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मामीनं आयुष्यभर वाटाण्याएवढी बोंडकं वाजवली होती. त्यांना फुंकर पुरायची. भोंग्याच्या आतला पडदा हलवायला मात्र ढकलणारा लागतो, चांगला दणकट, आणि तेवढा जोर दोन ट्रान्झिस्टरांत आणि घड्याळाच्या बॅटरीत कुठून येणार? हे मामीला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही तिनं करून पाहिलं, कारण अडचण भोंग्याची नव्हतीच. अडचण परसातल्या शेडमध्ये बसली होती.

तिनं भोंगा बाजूला ठेवला. मग पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "चल." निरोप पोचवायला मी लागेन, असं तिला वाटलं असावं.

भोंगेमामा शेडमध्ये वायरींच्या गुंडाळ्या करत होता. फजितीपासून त्यानं धंद्यावर लक्ष देणं सोडलंच होतं. मामी दारात उभी राहिली. सवयीनं तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भाऊजींना सांग..." आणि थांबली. मग मान वळवून सरळ त्याच्याकडे बघितलं.

"भाऊजी, माझ्या डबीला तुमचं मशीन हवंय."

वायरीची गुंडाळी भोंगेमामाच्या हातातून सुटली आणि जमिनीवर उलगडत गेली. "वहिनी," तो म्हणाला, "त्या दिवशी अख्ख्या स्टँडनं त्या मशीनला शिव्या घातल्या. दादा अजून माझ्याशी बोट दाखवूनच बोलतो. तुम्हाला तेच मशीन हवंय?"

"मशीन चांगलं आहे. त्याला खायला वाईट घातलं होतं."

भोंगेमामानं सुटलेली वायर गोळा करायला घेतली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, ते लग्नात मी जे बोललो..."

"ते नंतर बघू. आधी वायर."

ही काही माफी नव्हती, हे आम्हा तिघांनाही समजलं. पण भोंगेमामाला तेवढंही खूप झालं असावं. तो पुढे बोलला ते एकदम कामाचं. "डबीतला आवाज आधीच वाढवलेला असणार. तो माझ्या मशीनच्या माईकच्या भोकात घातलात तर फुटेल, फाटका लागेल. शेजारी टेपरेकॉर्डरचं भोक आहे, त्यात घालायचा. आणि चारातला एक भोंगा खिडकीच्या तोंडावर आहे, तो आधी बाहेर वळवतो. किंचाळतो तो तोच."

हे मामीला माहीत नव्हतं. तिनं मान डोलावली आणि, माझ्या कानांनी ऐकलं म्हणून सांगते, म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

महिना संपायला आला होता. साहेबांच्या कपाटावर नव्या मशीनचं खोकं येऊन बसलं होतं. साहेब आपल्या खोलीच्या उघड्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले. भोंगेमामा त्यांच्या खोलीत आपल्या मशीनपाशी, मामी आणि मी चौकशीच्या खिडकीत, आणि खुर्चीवर मामा, कानावर तार, खिशात साबणाची डबी, आणि डबीतून छताकडे गेलेली तीच वायर. मामीनं पुढे होऊन त्याच्या ओठांच्या कोपऱ्याशी बोटं चोळली. चारही कोपऱ्यांतून सर्र सर्र असा आवाज पसरला. झाडूवाल्या बाईनं हात थांबवून आपल्या झाडूकडे बघितलं. आतून भोंगेमामा ओरडला, "वहिनी, कान अजून पावसुद्धा पिळलेला नाही." इतकी वर्षं मशीन चालवून त्यानं आपल्या थोरल्या मशीनला एवढं शांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मामानं घोषणा केली. गाडी, फलाट, वेळ. आवाज स्वच्छ होता, जरासा वारा लागलेला, पण आवाराच्या पार टोकापर्यंत पोचणारा. भोंग्यांकडे कोणीही बघितलं नाही. लोकांनी पिशव्या उचलल्या, मुलांचे हात धरले आणि त्या फलाटाकडे चालायला लागले.

भोंगेमामा हिरमुसून बाहेर आला. "कोणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही."

"मग जमलं," मामी म्हणाली.

साहेबांनीही मान हलवली, पण त्यांची नजर खोक्याकडे गेली. "छान आहे. खरंच छान आहे. पण हेच सगळं ते मशीनही बोलेल. आणि मशीनला तार लावायला नको, डबी नको. मी वर काय सांगू?" मामीनं खाली बघितलं. मला साहेबांचा राग आला आणि ते बरोबर बोलतायत याचा त्याहून जास्त आला.

मामाचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. सात नंबरच्या फलाटावरची गाडी मागे घ्यायला ड्रायव्हरनं सुरू केली होती. शिट्टी मारायला मागे उभं राहणारा कंडक्टर चहाच्या टपरीवर पैसे देत होता. आणि गाडीच्या बरोबर मागे, आरशात दिसणार नाही अशा जागी, एक बाई सुटलेलं गाठोडं जमिनीवर ठेवून पुन्हा बांधत बसली होती. तिची पाठ गाडीकडे होती. गाडी हलली.

मी ओरडले. जोरात ओरडले, माझा घसा दुखला, पण इंजिनाच्या धडधडीत ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मामाला तर ओरडता येतच नव्हतं. त्यानं नुसते ओठ हलवले, जेवताना पाणी मागावं तेवढेच.

"सात नंबरची गाडी. थांब. मागे बाई आहे."

चार भोंगे एकदम बोलले. गाडीनं असा ब्रेक मारला की टपावरचं सामान घसरलं आणि इंजिन बंद पडलं. सगळं आवार एकदम गप्प झालं. बाईनं मागे वळून बघितलं, गाडीचा बंपर तिच्या हाताला लागेल इतका जवळ होता, आणि घाबरायच्या आधी ती त्या गाडीवरच खेकसली. झाडूवाल्या बाईनं तिला उठवून बाकावर नेलं.

मामीनं खिडकीची चौकट घट्ट धरली होती. भोंगेमामाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते लपवतही नव्हता. मला तर हुंदकाच फुटला. टेबलाच्या पलीकडे न पोचणाऱ्या आवाजानं अख्खी बस थांबवली होती, आणि ती मामीच्या मसुरीएवढ्या माईकनं आणि भोंगेमामाच्या दोन माणसांनी उचलायच्या मशीननं मिळून थांबवली होती. इतका अभिमान मला त्या घराचा आधी कधी वाटला नव्हता. साहेब कपाटापाशी गेले, खोकं खाली काढलं, आणि शिपायाला म्हणाले, "हे परत पाठवा. सांगा, याला खिडकीतून बघता येत नाही."

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर धावत खिडकीशी आला. घामानं थबथबलेला. "काका, देवासारखे ओरडलात हो. एवढ्या जोरात ओरडलात म्हणून वाचलो."

मामानं डबीवरचा खटका बंद केला आणि त्याला काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनं काचेच्या भोकाला कान लावला. "काय?" मामानं पुन्हा सांगितलं. "काय म्हणालात, काका? ऐकू येत नाही."

मामानं खटका चालू केला.

"मी ओरडलो नाही रे बाबा," चारही भोंगे आवारभर म्हणाले. "मला ओरडता येत नाही."

बाकांवरची माणसं हसायला लागली, टपरीवरचा कंडक्टर हसला, ती गाठोडेवाली बाईसुद्धा डोळे पुसत हसली. मामानं सगळ्यांचं हसणं संपू दिलं. त्याला कसलीच घाई नव्हती. मग तार ओठांच्या कोपऱ्याशी नीट बसवून त्यानं तीन नंबरच्या गाडीची घोषणा केली, कारण तिला आधीच उशीर झाला होता.